पाकिटातलं नवं

आमच्या अपोलिन वहिनीशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय. मी तिची नणंद, सेराफिन. लग्न केलं नाही, आयुष्यभर शिवणयंत्र चालवलं, आणि भाऊ गेल्यावरही त्याच्याच घरात मागच्या खोलीत राहिले. म्हणजे हे मी ऐकीव सांगत नाही, भोगून सांगते.

आमच्या चर्चच्या वॉर्डाची ती गुरकार. गुरकार म्हणजे पुढारी म्हणा, पंच म्हणा, लोकांच्या घरात नाक खुपसायचा परवाना म्हणा. तिच्या आधी सगळे पुरुष गुरकार झाले, आणि त्यांच्या काळात कुंपणाचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालायचे. वहिनीने ते चहाच्या एका बैठकीत मिटवले, कारण दुसऱ्यांदा तिच्यासमोर बसायची कुणाची तयारी नव्हती. भाऊ लुविस गेला तेव्हा मुलगा वालेरियन दहावीत होता, मुलगी फ्लेविया त्याहून लहान. सुपारीची बाग वहिनीने सांभाळली, मुलं शिकवली, आणि या सगळ्यात संध्याकाळी सातची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, एक दिवस चुकवली नाही. गुडघ्यावर, भिंतीला न टेकता. घरात कोणी असेल त्यानेही तसंच. एकदा विमावाला शेट्टी कागद घेऊन आला आणि नेमके सात वाजले. बिचारा हिंदू माणूस, पण पाचही दहाक्या, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच फेरे, संपेपर्यंत हात जोडून गुडघ्यावर बसला. त्यानंतर तो नेहमी सकाळीच यायचा.

तेर्स संपली की मुलांनी एकेका मोठ्यापुढे जाऊन हात जोडून ‘बेसांव’ म्हणायचं, मोठ्याने डोक्यावर क्रूस करून आशीर्वाद द्यायचा. मग जेवण. हे असं घर. आणि या घरात देवाने जोविटाला पाठवलं. देवालाही कधीकधी गंमत सुचते.

जोवी ही वालेरियनची मुलगी. वालेरियन कुवेतला, त्याची बायको ग्रेट्टा इथे आमच्यासोबत, गावच्या दूध सोसायटीत नोकरीला. जोवी चालायच्या आधी पळाली. बोलायला लागली ती अजून थांबलेली नाही. तेर्सला पहिल्या दहाकीत ती गुडघ्यावर असायची, दुसरीत पोटावर, तिसरीत टेबलाखाली मांजराची शेपटी मोजत, आणि चौथीला ती कुठे आहे हे फक्त देवाला आणि मांजराला ठाऊक. बेसांव मागायला एकदाही हाताशी लागली नाही. वहिनी क्रूस करायला हात उचलायची तेव्हा पोरगी अंगणात.

सहा वर्षांची असताना तिने ऐन प्रवचनात वेदीजवळची घंटा वाजवली. कशी पोचली कुणी पाहिलं नाही. निम्मं चर्च सवयीने गुडघ्यावर गेलं. फादर म्हणाले, बरं झालं, माझंही जरा लांबलंच होतं. सगळे हसले, वहिनी सोडून. गुरकारबाईची नात.

मग उपाय सुरू झाले. मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, ठसका आला नाही, तेव्हा दृष्टच लागलीय असं ठरलं. पुन्हा उतरवल्या, तेव्हा आम्हा सगळ्यांना इतका ठसका आला की दारं उघडावी लागली, पण जोवीत फरक शून्य. मग वहिनी तिला पाच दिवसांच्या प्रार्थना शिबिराला घेऊन गेली. तिथे डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. पोरीला गाणी भयंकर आवडली. वहिनी मात्र पाच दिवसांत पाच वर्षांनी म्हातारी होऊन परत आली.

शाळेतून रोज तक्रार. पेन्सिल हरवली, डबा हरवला, एका बुटावर घरी आली. बायका ग्रेट्टाला ऐकवायच्या, एकच मूल आहे गं, तेही सांभाळता येत नाही? आमच्यात तोंडावर बोलायची पद्धत आहे, मागून बोलायला वेळ कुणाला. ग्रेट्टा ऐकून घ्यायची. ती गरीब दिसते, पण गरीब नाही. कुणाला न विचारता रजा टाकून ती जोवीला मंगळूरला डॉक्टरकडे घेऊन गेली, दोन-तीनदा गेली, आणि एका दुपारी स्वयंपाकघरात येऊन आम्हा दोघींना सांगितलं. याला एडीएचडी म्हणतात. मन एका जागी ठरत नाही, हात मनाच्या आधी पुढे जातो. लाडाने होत नाही, मारून जात नाही. सकाळी एक छोटी गोळी द्यायची, आणि घरच्यांनी काही गोष्टी शिकायच्या.

वहिनी नारळ खवत होती. म्हणाली, आमच्या घराण्यात असलं काही नाही.

मला हसू आवरलं नाही. माझा भाऊ लुविस, तिचा नवरा, जन्मात एक प्रवचन पूर्ण ऐकलं नाही त्याने. फादरांनी तोंड उघडलं की हा बाहेर. का, तर बैल बघायला. बैल विकून वीस वर्षं झाली होती तरी हा बैल बघायला जायचा. मी हे बोलून दाखवलं. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा नारळ सोलायला घेतला.

गोळीवरून मात्र पेटलं. वहिनीचं म्हणणं, देवाचं लेकरू देवाने सांभाळावं, गोळी खाऊन भक्ती करायची म्हणजे काय? ग्रेट्टा शांतपणे म्हणाली, “माय, तुम्ही रोज प्रेशरची गोळी घेऊन तेर्स म्हणता. देवाला चालतं ना ते?”

वाद घालून जिंकलेला माणूस जन्माला यायचाय म्हटलं मी, पण ग्रेट्टाने त्या दिवशी अर्धा तरी जिंकला. दुसऱ्या सकाळपासून वहिनीच दुधाच्या पेल्यासोबत गोळी द्यायला लागली. आधी गोळीवर क्रूस करायची, मग जोवीच्या कपाळावर. शाळेत फरक पडला, खोटं कशाला बोलू. दोन्ही बूट घरी यायला लागले. पण सकाळच्या गोळीचा जोर संध्याकाळी उतरतो, आणि आमच्या घरातला देव संध्याकाळी येतो. तेर्सला पोरगी होती तशीच. आणि वहिनीला शाळेपेक्षा तेर्स मोठी.

तेव्हा शाळेच्या सिस्टरने सुचवलं की घाटावर त्यांच्याच मठाच्या सिस्टरांचं बोर्डिंग आहे. शिस्त आहे, घंटेवर उठायचं, घंटेवर बसायचं. भलीभली मुलं तिथे सरळ झाली. एक जागा रिकामी होतेय, दसऱ्याच्या सुट्टीनंतर घेतील. वहिनीला हे देवाचं उत्तर वाटलं. तिने त्याच दिवशी वालेरियनला फोन लावला. तो मोंती सणाला सुट्टीवर यायचाच होता. म्हणाला, माय, तू म्हणशील तसं, आलो की जाऊन पैसे भरून येतो.

मोंती म्हणजे मारियाबायच्या, येशूच्या आईच्या, जन्माचा सण, सप्टेंबरच्या आठ तारखेचा. त्या दिवशी नवं भात घरात येतं, त्यालाच आम्ही नुसतं ‘नवं’ म्हणतो.

ग्रेट्टा नवऱ्याशी फोनवर भांडली. आठ वर्षांची आहे ती, म्हणाली, तिला झोपेतून उठल्यावर मी दिसले नाही तर ती काय करेल? वालेरियन म्हणाला, सवय होते, मला नाही झाली का? ती माझ्या खोलीत येऊन शिवणयंत्राजवळ बसायची. रडायची नाही. फक्त म्हणायची, आकय, म्हणजे आत्या, तुम्ही मायना सांगा ना. मी सांगायचे. वहिनी म्हणायची, मी काय तिची दुश्मन आहे? मी आज आहे उद्या नाही. ती सरळ झालेली बघून मला डोळे मिटायचेत.

आणि ते खरं होतं. तिचं प्रेम नव्हतं असं कोणी म्हणेल तर मी त्याचं थोबाड फोडीन. प्रेमापोटीच चालली होती ती पोरीला धाडायला. म्हणून तर तिला अडवता येत नव्हतं.

सणाच्या आधी नऊ दिवस रोज संध्याकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, असते. मुलं परड्या भरून फुलं आणतात आणि शेवटी गाणं म्हणत मारियाबायपुढे उधळतात. जोवी या नऊ दिवसांसाठी वर्षभर जगते. ग्रेट्टाची त्या वेळी सोसायटीत कामाची पाळी, म्हणून पोरीला नेणं वहिनीच्या गळ्यात. पहिल्याच दिवशी फादरांनी प्रवचनाला सुरुवात केली, आणि जोवीने परडी अख्खी वर उडवली. गोरटी, झेंडू, सगळं पुढच्या बाकावरच्या मिनेझिस मास्तरांच्या टकलावर. वहिनीने तिचा दंड धरला आणि बाहेर नेली. पन्नास वर्षांत वहिनी प्रवचनातून उठलेली मी पहिल्यांदा पाहिली. मी मागोमाग गेले, पोरीला मार बसू नये म्हणून.

मार बसला नाही. चर्चच्या मागे कबरस्तानाची भिंत आहे, जोवी तिच्या कडेने चालत सुटली, वहिनी तिच्या मागे. मिस्सा चुकली तर निदान जपमाळ तरी होऊ दे म्हणून वहिनीने चालता चालता माळ काढली आणि ‘नमान मारिये’ सुरू केलं. अर्धं म्हणून ती सवयीने थांबली, उरलेलं अर्धं बाकीच्यांनी म्हणायचं असतं. आणि पुढून, पाठमोऱ्या जोवीने, एका पायावर उड्या मारत उरलेलं अर्धं म्हटलं. पुन्हा वहिनी अर्धं, पुन्हा जोवी अर्धं. एकही चूक नाही. शेवटची लांबलचक लदाईन, मारियाबायच्या नावांची माळ, जी मलाही पुस्तकात बघावी लागते, तीही सगळी, ओळीने. टेबलाखाली बसून पोरीने सगळं ऐकलं होतं.

त्यानंतर रोज तसंच. प्रवचन सुरू झालं की आजी-नात बाहेर, गाणं सुरू झालं की आत, फुलं उधळायला. लोकांना विषय मिळाला. गुरकारबाई, बैल बघायला का? असं मिनेझिस मास्तरांच्या बायकोने विचारलं, लुविसची आठवण ठेवून. वहिनी म्हणाली, हो, तुमचा नवराही तिकडेच चरतोय का बघते. मला वाटलं, झालं, बोर्डिंगचं बारगळलं. मी ग्रेट्टाला तसं सांगितलंही. पण वहिनीचं गणित वेगळं. ती म्हणाली, बघितलंस, डोकं किती चांगलं आहे, आता नुसती शिस्त लागली की झालं. ग्रेट्टाने माझ्याकडे पाहिलं आणि दुधाच्या हिशेबाची पिशवी उचलून कामाला गेली.

वालेरियन सणाच्या आदल्या दिवशी आला. जोवी त्याच्या मानेला लटकली ती रात्री झोपेत सोडवावी लागली. बोर्डिंगच्या सिस्टरांशी त्याचं बोलणं झालं होतं, सणाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी गाडीने जाऊन पैसे भरून यायचं.

सणाच्या सकाळी चर्चमध्ये भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद दिला आणि घराघराच्या कर्त्याला एकेक लोंबी मिळाली. आमच्या घरची वहिनीच्या हातात. जोवी म्हणाली, मी धरू? वालेरियन नको म्हणाला. ग्रेट्टाही नको म्हणाली, खरं तर तीच जास्त घाबरलेली. घाईगर्दीत सकाळची गोळी राहिली होती. पण वहिनी म्हणाली, धर, दसऱ्यानंतर तर जायचीच आहेस.

मिस्सा सुटली की वहिनी गुरकार म्हणून दहा जणांशी बोलत उभी राहते, तेवढ्यात जोवी पुढे पळाली. आम्ही घरी पोचलो तेव्हा जोवीच्या हातात नुसती काडी होती. एक दाणा नाही. रिक्षावाल्याला दिले, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दिले, भेटेल त्याच्या हातावर ठेवले, उरलेले कावळ्याला. वालेरियनने तिला भिंतीशी उभी केली आणि विचारलं का. तिने खूप विचार केला, खरंच केला, कपाळाला आठ्या पडल्या. मग म्हणाली, “हातात होतं. देत गेले.”

वालेरियन आईकडे वळला. म्हणाला, हे असं आहे. बरं झालं उद्याच पैसे भरतोय. ग्रेट्टा केळीची पानं पुसत राहिली. पाच भाज्या शिजून तयार, अळूच्या देठांची, भेंडीची, अंबाड्यांची, आणि नव्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. वहिनीने मला शेजारी तावरोंकडे पाठवलं. गुरकारच्या घराने दुसऱ्याच्या दारात नवं मागायचं, मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. तावरोबाईने माझं ऐकून घेतलं, आपली लोंबी मधोमध मोडली, अर्धी माझ्या ओंजळीत टाकली आणि म्हणाली, तुमच्या पोरीने वाटेत माझ्याही हातावर ठेवलेत दाणे, हेही घेऊन जा. देव तिचं भलं करो.

वहिनीने दाणे सोलले. थोडे कुटून नारळाच्या दुधातल्या गोड पायसात घातले. आणि मग, दर वर्षी करते तसं, कागदाचे चौकोन फाडून घेऊन बसली. घरचं जे माणूस सणाला घरी नाही त्याच्या नावाचे दाणे कागदाच्या पुडीत बांधून, पाकिटात घालून पोस्टाने पाठवायचे, म्हणजे सगळ्या घराने एकच नवं खाल्लं असं होतं. फ्लेवियाची पुडी बंगळूरला. वालेरियनची अकरा वर्षं कुवेतला गेली, या वर्षी तो समोर बसला होता. पण हाताला सवय. वहिनीने दोन चौकोन फाडले होते. एकात फ्लेवियाचे दाणे बांधले, दुसरा तसाच मांडीवर राहिला.

ती त्या कागदाकडे बघत राहिली. आम्ही सगळे पानांवर बसून वाट बघतोय, पायस निवतंय. मला वाटलं तिला चक्कर येतेय की काय. मग तिने मान वर केली आणि मुलाला विचारलं, “वाल्ली, पाकिटातलं नवं कसं लागतं रे?”

वालेरियन म्हणाला, कसं म्हणजे? चांगलं लागतं.

“खरं सांग. मारियाबायच्या सणाचा दिवस आहे.”

त्याने पानावरच्या मिठात बोट फिरवलं. मोठा माणूस, पोट सुटलेलं, केस पिकलेले. म्हणाला, “कच्चं लागतं, माय. सगळे झोपले की मी ते मोरीत जाऊन खायचो. चावताना रडू आलं तर नळ सोडता येतो म्हणून.”

ग्रेट्टाने तोंडाला पदर लावला. अकरा वर्षं ती या माणसाला फोनवर विचारत होती, पाकीट पोचलं का, आणि तो म्हणत होता, पोचलं, खाल्लं, मजा आली.

वहिनीने तो रिकामा चौकोन उचलला, चुरगळला आणि चुलीत टाकला. वालेरियनला म्हणाली, उद्या सिस्टरांना फोन करून सांग, जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. वालेरियन म्हणाला, अगं पण तूच तर... वहिनी म्हणाली, हो, मीच. “आठ वर्षांच्या पोरीचं नवं मी पोस्टात टाकणार नाही. सरळ व्हायची असेल तर माझ्या डोळ्यांसमोर होईल. नाही झाली तर वाकडी राहील, पण माझ्या पानाशेजारी राहील. देवाने ती या घरात दिली, घाटावर नाही.”

मग ग्रेट्टाकडे वळून तिने विचारलं, डॉक्टर पुन्हा कधी बोलावतोय? घरच्यांनी शिकायचं म्हणाला होता ना, तर मला ने, मी शिकते. सत्तरीला मी अजून काय काय शिकणार आहे देव जाणे. ग्रेट्टा उठून तिच्या पाया पडायला गेली, तर म्हणाली, बस खाली, पायस पार थंड झालं.

देवाचे उपकार मी कशाकशासाठी मानू? माझ्या भावाने ऐकली नाहीत ती प्रवचनं त्याच्या बायकोने नातीसाठी सोडली, यासाठी मानते. तावरोबाईच्या अर्ध्या लोंबीसाठी मानते. चाळिशी उलटलेला पुरुष आईसमोर खरं बोलला, हे तर चमत्कारातच धरायला पाहिजे.

वहिनीने वयाच्या मानाने एकेकाच्या पानावर नवं वाढलं, शेवटी जोवीच्या. प्रार्थना झाली, जेवायला सुरुवात झाली. जोवी दोन घास खाऊन उठली, मांजराकडे गेली. वालेरियनने ओरडायला तोंड उघडलं, मग त्यात घास घातला. वहिनीने उरलेलं एक केळीचं पान घेऊन पोरीच्या पानावर पालथं घातलं, माशी बसू नये म्हणून. जोवी आली, पान काढलं, खाल्लं, पुन्हा उठली. वहिनीने पुन्हा झाकलं. त्या जेवणात पोरगी कितीदा उठली कुणी मोजलं नाही, पण दर वेळी परत आली तेव्हा तिचं जेवण तिच्या जागी होतं.